टाकून दिलेले यंत्र आणि संगणकातले वाद्य



इतिहासाच्या प्राध्यापकाने वाद्यांच्या खरेदीवर बोलावे, हे तुम्हांला थोडे चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले होते. झाले असे की, आमच्या महाविद्यालयात बी. ए. च्या शेवटच्या वर्गात शिकणारा एक मुलगा एके दिवशी तास संपल्यावर माझ्यामागून आला. गाव आडबाजूचे, घरची शेती कोरडवाहू. मी आमच्या भजनी मंडळात पेटी धरतो, हे त्याला ठाऊक होते. म्हणाला, "सर, मला हिपहॉपचे बीट्स करायचे आहेत. संगणकावर चालणारे सिंथेसायझर मिळतात, त्यांतला कोणता घेऊ? एक फार चांगला आहे म्हणतात, पण महाग आहे. आई बचतगटातून पैसे उचलायला तयार आहे."

त्याचे पहिले वाक्य ऐकून मला हसू आले होते. शेवटच्या वाक्याला ते मावळले. कारण ही चूक मी स्वतः एकदा केली आहे. नोकरी लागली त्याच वर्षी मी हप्त्याने एक भारी कीबोर्ड घेतला. हप्ते अठरा महिने चालले. कीबोर्ड जेमतेम सहा महिने वाजला. मग तो चादरीत गुंडाळून कपाटावर गेला. म्हणून मी त्या मुलाला म्हटले, "आठ दिवस थांब. आईला पैसे उचलू देऊ नकोस. तोवर मी जरा वाचून काढतो."

आता वाचायचे म्हणजे माझ्यासारख्याने इतिहासच वाचायचा! तो वाचला आणि मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच सापडले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी दोन शब्दांचा उलगडा करू. बीट म्हणजे आपण ज्याला ठेका म्हणतो तो, असे म्हटले तर ते अर्धेच खरे आहे. हिपहॉपवाले बीट म्हणतात तेव्हा ठेका, खालचा खर्ज आणि त्यावरची एखादी छोटीशी सुरावट, असा सारा साजच त्यांच्या मनात असतो. त्या साजावर रॅपर आपले शब्द तालात म्हणतो. कीर्तनकाराच्या मागे मृदंग, टाळ आणि पेटी असते ना, तसे हे समजा. दुसरा शब्द सिंथेसायझर. या वाद्यात तार छेडायची नसते, भात्याने वाराही भरायचा नसतो. विजेच्या कंपनांना आकार देऊन त्यांतून सूर घडवायचा असतो. हेच काम संगणकाने नुसत्या आकडेमोडीने केले, की झाला सॉफ्टवेअर सिंथेसायझर. त्याला ना लाकूड, ना पत्रा. सगळा कारखाना संगणकाच्या पोटात.

आता चला अमेरिकेत, न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स नावाच्या भागात. या वस्तीच्या छातीवरून एक रुंद महामार्ग काढलेला होता. १९४८ साली सुरू झालेले ते काम १९७२ पर्यंत चालले आणि त्यापायी हजारो कुटुंबे उठली. कामधंदे गेले, आणि त्या दशकात इमारतींमागून इमारती आगीत जळत होत्या. अशा या भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या पत्त्यावर, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने इमारतीच्या सार्वजनिक खोलीत नाचाचा कार्यक्रम ठेवला. हेतू अगदी साधा होता. शाळा सुरू व्हायची होती आणि नव्या कपड्यांना पैसे हवे होते. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ होता, जमेकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल. जग त्याला डी. जे. कूल हर्क या नावाने ओळखते.

हर्कने एक गोष्ट बारकाईने पाहिली होती. गाण्यात मधेच गायक थांबतो, बाकीची वाद्ये गप्प होतात आणि चार क्षण फक्त ढोल वाजतो. नाचणारी पोरे नेमकी त्या चार क्षणांची वाट पाहत असतात. मग त्याने युक्ती केली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा ढोलाचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवायची. चार क्षणांचा ठेका हवा तितका वेळ चालू लागला. हिपहॉपचा जन्म या रात्रीपासून मोजतात. २०२३ साली त्याची पन्नाशी साजरी झाली.

या ठिकाणी मी वाचताना थांबलो. म्हटले, या पोराने वाद्य कोणते निवडले? कोणतेच नाही. वडिलांचा ध्वनिक्षेपकाचा संच घरात होता, तबकड्या होत्या, आणि कान होता.

बरं, त्या वेळी सिंथेसायझर नव्हते का? होते की. रॉबर्ट मूग या अमेरिकन तंत्रज्ञाने हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सोबतीने आपला पहिला नमुना १९६४ साली तयार केला होता. आरंभीची ही यंत्रे कपाटाएवढी असत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायच्या तशा तारा एका भोकातून काढून दुसऱ्यात खोचायच्या, तेव्हा कुठे आवाज बदलायचा. १९७० साली मूगच्या कंपनीने मिनीमूग नावाचे सुटसुटीत, उचलून नेण्याजोगे वाद्य काढले. पण त्यालाही सुमारे दीड हजार डॉलर पडत. पंचवीस सेंटांचे तिकीट लावणाऱ्यांना ते कुठून परवडणार?

यापुढची कथा मला सर्वांत मोलाची वाटते. ती एका टाकून दिलेल्या यंत्राची आहे.

१९८० साली दोन ड्रम मशीन बाजारात आली. ड्रम मशीन म्हणजे वादकाशिवाय ठेका वाजवणारे यंत्र. पहिले अमेरिकेतल्या रॉजर लिन यांचे एलएम-१. त्याच्या पोटात खऱ्या ढोलांचे आवाज मुद्रित करून ठेवलेले होते. किंमत सुमारे पाच हजार डॉलर. दुसरे जपानच्या रोलँड कंपनीचे टीआर-८०८. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी. या यंत्रात मुद्रित आवाज एकही नव्हता. विजेच्या मंडलांतून ढोल, झांज, टाळी यांच्यासारखे आवाज घडवले जात. किंमत सुमारे बाराशे डॉलर. ऐकणाऱ्यांना त्याचा ढोल ढोलासारखा वाटेना, आणि झांज तर बिलकुल झांजेसारखी वाटेना. सुमारे बारा हजार यंत्रे बनवून १९८३ साली कंपनीने ते बंद केले. मालकांनी आपापली यंत्रे जुन्या बाजारात काढली. ती मातीमोलाने मिळू लागली, आणि नवे घेण्याची ऐपत नसलेल्या पोरांनी ती घरी नेली.

तोवर त्या यंत्राने एक करामत करून ठेवली होती. १९८२ साली आफ्रिका बंबाटा आणि त्यांच्या साथीदारांची 'प्लॅनेट रॉक' ही तबकडी निघाली. निर्माते आर्थर बेकर. त्यांच्यापाशी ८०८ नव्हतेच! वर्तमानपत्रात जाहिरात होती, तिच्यावरून त्यांनी वीस डॉलर देऊन यंत्रासकट एक माणूस भाड्याने आणला. आपण लग्नाला वाजंत्री आणतो, तसाच प्रकार. त्या भाड्याच्या यंत्राचा ठेका पुढे जगभर घुमला.

या यंत्राच्या खालच्या ढोलात असे काय होते? पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावतात, हे तुम्ही पाहिले आहे. त्याने थाप खोल जाते आणि तिचा घुमारा अंगात उतरतो. ८०८ मध्ये या कामासाठी एक खुंटी होती. ती फिरवली की थापेमागचा घुमारा लांबत जाई. सेकंदाला सुमारे ५० कंपनांचा तो नाद कानापेक्षा छातीला अधिक कळे. पुढे पोरांनी हा घुमारा सुरात लावला, वरखाली केला, आणि ढोलाचाच खर्ज करून टाकला. आज हिपहॉप करणारा कोणीही "एट-ओ-एट" म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात ते यंत्र नसून हा लांबलेला खर्ज असतो. यंत्राचा दोष म्हणून ज्याला नाके मुरडली, तीच त्याची ओळख ठरली.

यानंतर आले सॅम्पलर. कोणताही मुद्रित आवाज आत घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे आणि बोटांनी वाजवायचे. १९८७ सालचा ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा असाच एक. त्याच्या पोटात सगळे मिळून दहाच सेकंद आवाज मावे. दहा सेकंदांत काय करणार? पोरांनी तोड काढली. सावकाश फिरवायची तबकडी, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांची, मुद्दाम ४५ फेऱ्यांवर पळवायची. आवाज आखूड होऊन आत मावतो; मग यंत्रातच तो पुन्हा संथ करायचा. यात आवाजाला थोडी खरखर चढे. तीही लोकांना आवडली आणि त्या काळच्या हिपहॉपची खूण झाली. १९८८ साली याच रॉजर लिन यांनी रचलेले, सोळा रबरी चौकोनांचे एमपीसी-६० हे यंत्र जपानच्या अकाई कंपनीने काढले. त्याच घराण्यातल्या एमपीसीवर डेट्रॉइट शहरातल्या जे डिला याने ठेक्याला असा काही झोल दिला, की तो २००६ साली अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारल्यावर त्याचे यंत्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले गेले.

पण दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा घेणे हा अखेर उसना माल. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या दाव्याचा निकाल लागला. त्याने गिल्बर्ट ओ'सलिव्हन यांच्या गाण्याचा भाग परवानगीवाचून घेतला होता. चोरी करू नकोस, या बायबलातल्या आज्ञेनेच न्यायमूर्तींनी निकालपत्राचा आरंभ केला. तेव्हापासून तुकडा घ्यायचा तर परवाना काढा आणि पैसे मोजा, अशी रीत पडली. ज्यांना हे जमेना किंवा करायचे नव्हते, त्यांनी आपले सूर आपण वाजवायला घेतले. १९९२ च्या डिसेंबरात डॉ. ड्रे यांचा 'द क्रॉनिक' हा संग्रह निघाला. त्यातली वरच्या पट्टीत शीळ घातल्यासारखी सुरावट फार गाजली. वाद्य कोणते? मिनीमूग! १९८१ सालीच ज्याचे उत्पादन थांबले होते, तो जुना मिनीमूग. पाहा, पुन्हा एकदा बाजाराने निकालात काढलेलेच वाद्य कामाला आले.

आता संगणकाकडे येऊ. १९८३ साली एक मोठी गोष्ट घडली होती. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकतील अशी एक सामाईक भाषा ठरली. तिचे नाव मिडी. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढाच निरोप या भाषेत तारेवरून जातो. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि आपण मघाशी पाहिलेले काकेहाशी हे तिचे पुरस्कर्ते. स्पर्धक कंपन्यांनी एकत्र बसून भाषा ठरवली आणि तिच्यावर कोणी हक्क सांगितला नाही, म्हणून ती आजही चालते. १९९६ साली जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही पद्धत आणली आणि १९९९ साली तिच्यात वाद्येही बसू लागली. म्हणजे संगीताच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचा सिंथेसायझर खोचायची सोय झाली. याच सुमारास बेल्जममध्ये फ्रूटीलूप्स नावाचे सॉफ्टवेअर निघाले. पडद्यावर चौकोनांच्या ओळी. ज्या मात्रेवर थाप हवी तो चौकोन पेटवायचा. मुरलेले संगीतकार त्याला खेळणे म्हणून हसत. पण २००३ साली नाइन्थ वंडर या निर्मात्याने त्याच खेळण्यावर नावाजलेले काम केले, आणि २००७ साली सोल्जा बॉय या सतरा वर्षांच्या मुलाने त्यावर केलेले गाणे अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचेच आजचे नाव एफएल स्टुडिओ.

तेव्हा बाराशे डॉलरचे ८०८, दीड हजाराचा मिनीमूग आणि दहा सेकंदांचा सॅम्पलर, हे सगळे आज एका संगणकात बसते. अडचण आता उलटी झाली आहे. पूर्वी वाद्य मिळत नव्हते; आता वाद्यांची इतकी गर्दी, की कोणते घ्यावे कळत नाही. आठ दिवसांनी तो मुलगा आला, तेव्हा मी त्याला वहीत चार गोष्टी लिहून दिल्या. तुमच्या घरी किंवा वर्गात असा मुलगा असेल, तर त्यालाही त्या सांगा.

पहिली गोष्ट : आवाज घडवणारे वाद्य आणि आवाज साठवणारे वाद्य यांतला फरक ओळखावा. व्हायटल, सर्ज, सीरम, मॅसिव्ह ही घडवणारी. ती जागा थोडी खातात, पण संगणकाच्या मेंदूला काम लावतात. नेक्सस, कोन्टॅक्ट यांसारखी प्रामुख्याने साठवणारी. पियानो, व्हायोलिन, घंटा असे तयार आवाज त्यांत भरलेले असतात. ऑम्निस्फिअरमध्ये दोन्ही गुण आहेत, पण त्याच्या साठ्याला साठ गिगाबाइटहून अधिक जागा लागते. जुना, लहान संगणक असेल तर घडवणारेच घ्यावे. शिवाय त्यात आवाज कसा बनतो हेही कळते. नुसता तयार आवाज निवडणाऱ्याला ते कधी कळत नाही.

दुसरी : फुकट म्हणजे हलके, असे समजू नये. सर्ज हे वाद्य त्याच्या कर्त्याने २०१८ साली सर्वांसाठी खुले केले. आज अनेक जण मिळून ते सांभाळतात. मॅट टायटेल यांच्या व्हायटलची मूळ आवृत्ती २०२० पासून विनामूल्य आहे. मुख्य सॉफ्टवेअर म्हणून एलएमएमएस हेही मोफत मिळते. ८०८ चा खर्ज हवा? साधी गोल लाट घ्यावी, आरंभी तिचा सूर झटकन खाली आणावा आणि घुमारा लांबवावा. हे कोणत्याही सिंथेसायझरवर जमते. त्यासाठी कर्ज काढायला नको.

तिसरी : चोरीची प्रत घेऊ नये. ती देणारे लोक सोबत काय पाठवतील याचा नेम नाही. संगणक बिघडतो ते वेगळेच. आणि वाद्य बनवणाराही कारागीरच. सुताराची पाभर आपण उचलून आणत नाही.

चौथी : पैसे खर्चायचेच तर आधी कानावर खर्चावेत. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून ५० कंपनांचा खर्ज निघतच नाही. बरे हेडफोन नसतील, तर महागड्या वाद्याने घडवलेला खर्ज तुम्हांला ऐकू येणार नाही आणि दोष मात्र वाद्याला द्याल.

कोणी म्हणेल, हा परका व्यवहार आपल्याला कशाला? मी पेटी वाजवणारा माणूस, मला या प्रश्नाची सवय आहे. पेटी युरोपातून आली. १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत कीर्तनातली आणि भजनातली पेटी काही थांबली नाही. सिंथेसायझरचेही तसेच. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या चित्रपटसंगीतातल्या वादकाने ८०८ आणि रोलँडची आणखी दोन वाद्ये घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकारांनी कानाला हात लावले. कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने २०१४ साली आपले पहिले गाजलेले गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर मुद्रित केले. २०१९ साली स्वदेशी या मुंबईच्या रॅपर मंडळींनी 'वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले. आरेच्या जंगलातल्या आदिवासींची बाजू त्यात आहे, आणि तिथल्याच प्रकाश भोईर यांचा आवाजही आहे. वस्तीच्या छातीवरून रस्ता गेलेल्या ब्रॉन्क्सपासून हे किती दूर आहे, याचा विचार तुम्हीच करा.

आता त्या मुलाचे काय झाले, ते सांगतो. त्याने फुकटचा सिंथेसायझर घेतला. महिन्याभराने एक बीट घेऊन आला आणि मोबाइलवर ऐकवले. मला त्यात टिकटिकीखेरीज काही ऐकू येईना. मी तोंड वाकडे करणार, इतक्यात माझीच चौथी सूचना मला आठवली. संध्याकाळी आम्ही ते मंदिरातल्या भजनी मंडळाच्या कर्ण्यावर लावले. खर्ज असा उठला, की पत्र्याचे छप्पर थरथरले आणि दोन म्हातारे बाहेर येऊन बघू लागले! ती टिकटिक कसली म्हणून विचारले, तर म्हणाला, "आमच्या विहिरीवरचं इंजिन आहे सर. मोबाइलवर घेतलं आणि तुकडे केले." त्या इंजिनासाठी कोणाचा परवाना काढायला नको होता.

सुरावट मात्र ओबडधोबड होती. उंदीर-कळ दाबून सूर लावणे अवघड जाते, असे तो म्हणाला. एखादी पट्ट्यांची पेटी संगणकाला जोडता आली असती तर बरे, पण तिलाही पैसे पडतात.

मी घरी येऊन कपाटावरची चादर सोडली. कीबोर्डच्या मागच्या अंगाला पाच टाचण्यांचे भोक होते, खाली लिहिले होते 'मिडी'. शहरातून साडेसातशे रुपयांची एक तार आणली. एक टोक त्या भोकात, दुसरे मुलाच्या संगणकात. पट्टी दाबली आणि आवाज संगणकातून आला. माझ्या कीबोर्डचे स्वतःचे आवाज आज कोणाला ऐकवत नाहीत. पण त्याच्या पट्ट्या शाबूत होत्या आणि १९८३ सालची ती भाषा तो विसरला नव्हता.

कीबोर्ड आता त्या मुलाच्या घरी आहे. त्याच्या आईचे पैसे गटातच आहेत. या हंगामात बियाण्याला उपयोगी पडतील, असे ती म्हणाली.